लाइन बंद, उजेड सुरू

नेटवाला पोरगा आला तेव्हा आमची लाइन बंद होऊन अकरा दिवस झाले होते. जुनी कंपनी सोडून आम्ही नवी घेतली होती आणि जुना डबा परत न्यायला तो आला होता. खिडकीतून आत आलेली बारीक वायर त्यानं डब्यातून काढली आणि निव्वळ सवयीनं, काही कारण नसताना, खिशातल्या मीटरला लावली.

"मायनस एकवीस," तो म्हणाला. "पॉवर तर बरोबर येऊन राहिली जी."

"अरे, पण लाइन तर बंद केली ना?"

"लाइन बंदच आहे काका. उजेड येऊन राहिला."

आमचं चिमूर म्हटलं की लोक १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव काढतात, नाही तर ताडोबाच्या कोलारा गेटच्या वाघाची गोष्ट काढतात. मी मात्र नेटवाला आला त्या दिवसापासून त्या पोराचं वाक्य घेऊन बसलो आहे. बंद केलेल्या लाइनीत उजेड येतोच कसा? येत असेल, तर मग बंद झालं ते नेमकं काय? आणि ते बंद करायला महिनाभर आधी का कळवायचं?

आधी वायरीचं पाहू. तिच्या पोटात तांबं नाही, काच आहे. उजेड ज्यातून धावतो तो त्या काचेचा गाभा साधारण नऊ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. त्यातून येणारा उजेड डोळ्याला दिसत नाही, तो तांबड्याच्याही पलीकडचा असतो. (लाइनमन वायरीत सोडतो तो लाल किरण वेगळा. तो तुटकी जागा शोधायला असतो.) काचेत उजेडाचा वेग कमी होतो म्हणतात. कमी म्हणजे किती? सेकंदाला तीन लाखांऐवजी सुमारे दोन लाख किलोमीटर. चिमूरहून नागपूर शंभरेक किलोमीटर. एसटी अडीच-तीन तास घेते, उजेड अर्धा मिलिसेकंद.

पण खरी गंमत खांबावर आहे. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक धागा मोहल्ल्यात येतो आणि खांबावरच्या काळ्या डब्यातल्या स्प्लिटरमध्ये शिरतो. तिथून आठ, सोळा किंवा बत्तीस धागे बाहेर पडतात, एकेका घराकडे एक. त्या डब्यात वीज नाही, चिप नाही, फिरणारं काही नाही. फक्त जोडलेली काच. गावाची वीज गेली तरी तो आपलं काम करत राहतो, कारण त्याला काम असं काही करावंच लागत नाही.

पाटाचं पाणी बाऱ्यांत वाटलं की प्रत्येक शेताला आपापलं पाणी जातं, माझ्या बांधातलं तुमच्या बांधात येत नाही. उजेडाचं तसं नाही. स्प्लिटर उजेडाची ताकद वाटतो, मजकूर वाटत नाही. प्रत्येक घराला उजेडाचा बत्तिसावा हिस्सा मिळतो, पण मजकूर बत्तीसही घरांचा, अख्खाच्या अख्खा. हे कोतवालाच्या मुनादीसारखं आहे. चौकात मुनादी झाली की ती साऱ्या गल्लीला ऐकू जाते. फरक इतकाच की इथं प्रत्येक घरासाठी वेगळ्या कुलुपाच्या भाषेत मुनादी होते, आणि ज्याच्याकडे जी किल्ली आहे त्याला तेवढंच कळतं. शेजारच्या गुरुजींचा यूट्यूबवरचा हरिपाठ आणि त्यांच्या नातवाचा गेम रोज आमच्या भिंतीपर्यंत येत होता. आमच्या डब्याला त्यातला एक शब्दही उघडता येत नव्हता.

मीटरवरचं मायनस एकवीस म्हणजे याच वाटून-वाटून उरलेल्या उजेडाची मोजणी. मायनस वीस म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग. मायनस सत्तावीसच्या खाली गेलं की साधारणपणे डब्याला ऐकू येईनासं होतं. इतक्या अंधुक उजेडावर घरातले चार मोबाइल, टीव्ही आणि सुनेची ऑनलाइन मीटिंग चालते, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

मग घरून केंद्राकडे जाणाऱ्या मजकुराचं काय? वर जायला तोच एक धागा, आणि बोलणारी घरं बत्तीस. सगळे एकदम बोलले तर गोंधळच होणार. म्हणून पाण्याच्या पाळ्या असतात तशा इथं बोलण्याच्या पाळ्या असतात, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोट्या. आता चौकातलं घर जवळ आणि नाल्यापलीकडचं घर दूर. दोघं आपापल्या पाळीला बोलले तरी दूरच्याचा आवाज उशिरा पोचेल आणि पुढच्याच्या पाळीवर आदळेल. यासाठी केंद्रातलं यंत्र प्रत्येक डब्याचं अंतर मोजून ठेवतं. मोजायला टेप लागत नाही. हाक मारायची आणि 'ओ' किती वेळानं येते ते पाहायचं. मग जवळच्याला सांगायचं, तू अमुक इतका थांबून बोल. वीस किलोमीटरपर्यंतच्या घरांना ते असं एका रांगेत बसवतं.

आणि नवा माणूस आला तर? त्याचं अंतर अजून मोजलेलं नाही, त्याला पाळी माहीत नाही. तो मध्येच बोलला तर सगळ्यांचं बिघडेल. म्हणून अधूनमधून केंद्र साऱ्या गल्लीला गप्प बसवतं. सेकंदाचा चार हजारावा भाग, इतकीच ती शांतता. कोणाच्या पिक्चरला धक्का लागत नाही. तेवढ्यात केंद्र विचारतं, कोणी नवीन आहे का? नवा डबा आपल्या बुडाखाली छापलेला सीरियल नंबर सांगतो. केंद्र आपल्या यादीत पाहतं. नंबर असला तर अंतर मोजतं, पाळी देतं, किल्ली ठरते. नसला तर पुन्हा शांत.

आमचा जुना डबा मी अकरा दिवस सुरूच ठेवला होता, आळसानं. त्याच्यावरचा एक हिरवा दिवा सतत लुकलुकत होता. आता कळलं तो काय करत होता. शांतता झाली की आपलं नाव सांगत होता, आणि तिकडून कोणी ओळख देत नव्हतं.

चिमुरात लाइन तीन तऱ्हांनी तुटते. पहिली तऱ्हा वानरांची. टोळी छपरावरून उतरते, एखादं पिल्लू वायरीवर झोका घेतं आणि काच आतल्या आत मोडते. जेसीबीनं रस्ता खोदला किंवा पावसात फांदी पडली तरी तेच. तेव्हा डब्यावर लाल दिवा लागतो. आमच्याकडे घरोघरी 'लाल लाइट लागला' हा आता म्हणीसारखा शब्दप्रयोग झाला आहे. लाल म्हणजे उजेडच येत नाही.

दुसरी तऱ्हा हिशेबाची. रिचार्ज संपला. लाल दिवा नाही, लुकलुक नाही, डब्याची ओळखही शाबूत आहे, फक्त इंटरनेटचा दिवा विझलेला. काचेच्या दरवाजाच्या आत आणखी एक दरवाजा असतो, तिथं तुमचं खातं आणि पासवर्ड तपासतात. तो हिशेबाचा दरवाजा बंद झालेला असतो. पैसे भरले की थोड्याच वेळात उघडतो, कारण बाकी सगळं जागच्या जागी असतं.

तिसरी तऱ्हा आमची: यादीतून नाव काढलं. उजेड येतो, ओळख नाही, हिरवा दिवा लुकलुकत राहतो. दिवा पाहून तऱ्हा ओळखा, मग फोन करा. लाल असेल तर माणूस यावा लागतो, नसेल तर बहुतेक वेळा फोनवरच निभतं.

म्हणजे 'बंद करणं' हे काम किती? यादीतली एक ओळ पुसण्याचं. कोणीतरी एक बटण दाबायचं. खांबावर चढायला नको, वायर कापायला नको. उजेड तर केंद्रातून बंद करताच येत नाही, कारण तो फक्त माझ्यासाठी येतच नव्हता. गुरुजींच्या हरिपाठासाठी तो यायलाच हवा, आणि स्प्लिटर काही माणसं ओळखत नाही.

मग अर्जाच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात, 'सेवा बंद करावयाची असल्यास तीस दिवस आधी कळवावे' हे कशासाठी? मी तर फोनवर कळवलं, तोंडी. तोंडी कळवणं त्यांच्या वहीत बसलं नाही. पुढच्या महिन्याचं बिल आलं. कंपनीचं नाव घेत नाही. जो तो आपापलं बिल काढून पाहू शकतो.

हे आधी कळवण्याचं प्रकरण उजेडाहून फार जुनं आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ व्या कलमात लिहिलं आहे की, करारात काही ठरलेलं नसेल तर महिनेवारी भाड्याची जागा सोडायला किंवा सोडवायला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, आणि शेतीच्या किंवा कारखान्याच्या जागेसाठी सहा महिन्यांची. सहा महिने का, ते आमच्या भागातल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. उभं धान सोडून कोण उठेल? (पुढे ११७ व्या कलमानं त्याच कायद्यातून शेतीचे पट्टे बहुतांशी वगळले, ही त्यातली वेगळीच मजा.) पण हिशेब स्पष्ट आहे: ज्याच्यात जितकं गुंतलं, तितकी सोडण्याची मुदत लांब.

त्याहून जवळचं उदाहरण सालगड्याचं. गुढीपाडव्याला साल ठरतं, पाडव्याला संपतं. मध्येच गडी गेला तर मालकाची पंचाईत, मध्येच मालकानं काढला तर गड्याची. म्हणून पाडव्याच्या आधी पंधरवडाभर पारावर चर्चा रंगते, कोण राहणार आणि कोण निघणार. कागद नाही, सही नाही, तरी नोटीस पिरियड पुरता आहे. वर्षाचं पॅकेज घेऊन फुकट जोडणी घेणारा ग्राहक हा एका अर्थानं कंपनीचं सालच धरतो. पहिला रुपया यायच्या आधी कंपनीनं खांबापासून घरापर्यंत वायर ओढलेली असते, डबा दिलेला असतो, पोरगा पाठवलेला असतो. तो दोन महिन्यांत निघून गेला तर त्यांचं बुडतं. हे मला मान्य आहे. साल पुरं झाल्यावरही महिनाभर जास्तीचं धरून ठेवणं मान्य नाही, कारण तेव्हा शेतात उभं पीक उरलेलं नसतं. उरते ती फक्त एक ओळ.

हे वाटतं तितकं अटळ नाही, याचा पुरावा आपल्या खिशात आहे. चौकातल्या कृषी केंद्राच्या पाटीवर अजून ९४२२ नं सुरू होणारा नंबर आहे. पूर्वी हे चार आकडे वाचले की कळायचं, बीएसएनएल, महाराष्ट्र. आकडा म्हणजेच कंपनी. आज त्या नंबरवर भलतीच कंपनी असू शकते. मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. ३ जुलै २०१५ पासून एका दूरसंचार सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येऊ लागला. १६ डिसेंबर २०१९ पासून हल्लीची पद्धत आली: १९०० वर 'पोर्ट' आणि आपला नंबर असा इंग्रजीत मेसेज करायचा, उलट कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. मन बदललं तर चोवीस तासांत माघारही घेता येते. मुख्य अट अशी की जुन्या कंपनीकडे नव्वद दिवस काढलेले असावेत आणि बिल थकलेलं नसावं. सर्कलची वाटणीही मजेशीर आहे. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे आणि मुंबई स्वतंत्र. म्हणजे चिमूरच्या नंबरला पणजी घरचीच, मुंबई मात्र परमुलूख.

यात मला सगळ्यात थक्क करते ती गोष्ट अशी की, नंबर तुमच्या सिममध्ये नसतोच. तो एका वहीतला शब्द आहे. तुम्ही कोणाला फोन लावता तेव्हा घंटी वाजायच्या आधी तुमची कंपनी एका सामाईक नोंदवहीतून माहिती काढते: हा नंबर आजकाल कोणाकडे राहतो? उत्तर येतं, मग फोन तिकडे वळतो. पोर्ट करणं म्हणजे या वहीतली नोंद बदलणं. मध्ये काही तास सिम मुकं होतं, आणि नंतर नव्या सिमला रेंज आलेली असते. इथंही काम एका ओळीचंच. पण इथं कायद्यानं दोन्ही कंपन्यांना एकमेकींशी बोलायला भाग पाडलं आहे, आणि 'आम्हाला सोडू नका' म्हणणारीच्या हातात दोर ठेवलेला नाही. कोड मागण्याचा नंबर सगळ्यांसाठी एकच, १९००.

ब्रॉडबँडला असं का नाही? कारण ब्रॉडबँडच्या घराला नाव नसतं. मोबाइलवर लोक तुम्हाला शोधत येतात, म्हणून नंबर जपावा लागतो. इंटरनेटवर तुम्ही बाहेर जाता, तुमच्या दारी सहसा कोणी येत नाही. तुमच्या घराचा जो पत्ता असतो तो कंपनीचा, तिनं तात्पुरता दिलेला. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात मिळून ४२९ कोटींच्या आसपासच आहेत, म्हणून बऱ्याच कंपन्या एकेक पत्ता अनेक घरांत मिळून वापरतात. मी जुन्या लाइनीवर होतो तोवर गुरुजी आणि मी बाहेरच्या जगाला कदाचित एकाच पत्त्यावरून दिसत असू. जे आपलं नाहीच ते सोबत काय नेणार? नेण्यासारखं काही नाही, म्हणून दोन कंपन्यांनी बोलण्याचं कारण उरलं नाही, आणि म्हणून जुनीच्या हातात दोर राहिला.

तरी बाहेर काही ठिकाणी कायद्यानं तोही सोडवला आहे. आमचा भाचा जर्मनीत असतो. तिकडे पूर्वी सोडण्याची तारीख चुकली की करार आपोआप आणखी वर्षभर पुढे जायचा, आणि तारीखही तीन महिने आधीची. १ डिसेंबर २०२१ पासून नियम बदलला: पहिली ठरलेली मुदत संपली की कधीही सोडा, एक महिन्याची सूचना पुरे. १ जुलै २०२२ पासून तर वेबसाइटवर करार करता येत असेल तर तो मोडायचं बटणही तिथंच ठळक दिसायला हवं, असा कायदा झाला. भाच्यानं त्या बटणाचा फोटो पाठवला होता. आम्ही तो फोटो एखाद्या तीर्थाच्या प्रसादासारखा घरात फिरवला. ब्रिटनमध्ये १२ सप्टेंबर २०२४ पासून जुन्या कंपनीला फोनच करावा लागत नाही. नव्या कंपनीला सांगायचं, ती जुनीशी बोलून घेते, आणि बदलाच्या दिवसानंतर नोटीस पिरियडचे म्हणून पैसे घेता येत नाहीत.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'नं २००६ मध्येच ब्रॉडबँडचे दर्जाचे नियम केले, त्यात सेवा बंद झाल्यावर अनामत रक्कम साठ दिवसांत परत करा असं होतं. ते नियम २०२४ मध्ये नव्यानं लिहिले गेले. २०१२ च्या तक्रार नियमांनी प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर देणं बंधनकारक केलं, आणि निकाल पटला नाही तर वर अपील. मी फोनवर बोललो तेव्हा हा नंबर मागितला नव्हता, हाच माझा गाढवपणा. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला फसवण्याच्या तेरा ऑनलाइन युक्त्यांची यादी काढली. त्यात 'सबस्क्रिप्शनचा सापळा' ही एक आहे: घेताना एक बटण आणि सोडताना भुलभुलय्या. एवढ्या सरकारी भाषेत सापळा हा शब्द आला, याचंच मला अप्रूप वाटलं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला तो लगेच कळतो.

तोवर गावातली रीत तीच शहाणी: नवी लाइन आधी घ्या, ती चार-आठ दिवस चालते का पाहा, मगच जुनी सोडा. एकाच खांबावर दोन कंपन्यांच्या वायरी सुखानं नांदतात, त्यांना आपसात वैर नसतं. बंद करायचं ते लेखी कळवा, उलट आलेला नंबर जपून ठेवा, डब्याच्या बुडाखालच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, डबा देताना पावती घ्या. रिचार्जवाली लाइन असेल तर मुदत संपू देणं हीच नोटीस, पण डबा घरात असेपर्यंत अनामत तिकडेच राहते.

पावतीवरून आठवलं. पोरानं डबा पिशवीत टाकला, अडॅप्टर टाकला. मग वायरीच्या टोकावर त्यानं शेंगदाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवली, वायरीची गुंडाळी केली आणि खिडकीबाहेरच्या खिळ्याला अडकवली.

"ही नाही नेत?"

"नाही जी. पुढं तुम्ही परत घेतली, नाही तर कोणी भाडेकरू आले, तं कामी येते."

"आणि आतला उजेड?"

तो हसला. "तो काहाले जाते? गुरुजींचं नेट चालू आहे ना."

पावतीवर त्यानं लिहिलं: राउटर १, अडॅप्टर १. वायरीसाठी त्यात रकाना नव्हता. गाडीला किक मारून तो भिसीच्या रस्त्याला लागला, आणि खिळ्यावरच्या त्या टोपीच्या आत मायनस एकवीस पडत राहिलं.